उजव्या सीटवर बसण्याआधी

मुलाखत अंधेरीत होते आणि विमान उभं असतं धुळ्याला, शिरपूरला, बारामतीला, नाही तर गोंदियाला. फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींची पहिली अडचण इथेच सुरू होते. मेट्रोने चकाल्याला उतरायचं, काचेच्या इमारतीत वर जायचं, समोर एचआरचं कोणीतरी बसलेलं, भिंतीवर सूर्यास्तात उडणाऱ्या सेसनाचा मोठा फोटो आणि टेबलावर ऑफर लेटर. ज्या विमानात रोज बसायचं त्याचं टायरसुद्धा पाहिलेलं नसतं, आणि सही मात्र आजच हवी असते.

गेली बरीच वर्षं मी सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याच्या, लेखी परीक्षांसाठी नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवतो. विद्यार्थी बोरिवलीचे, घाटकोपरचे, मुलुंडचे. आईवडील बँकेत, महापालिकेत, शाळेत नोकरी करणारे. घर तारण ठेवून मुलाला उडायला पाठवणारी माणसं आहेत ही. गेल्या वर्षी मे महिन्यात मुलुंडची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. दोनशे तास पुरे, सीपीएल हातात, असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंगही झालेलं. पिशवीतून तिने एक ऑफर लेटर काढलं आणि म्हणाली, "सर, यांना काय काय विचारू?" ती पुढे बोलायच्या आत वडील म्हणाले, "सर, हिला तुम्हीच सांगा. जास्त विचारू नकोस म्हणावं. कर्जाचा हप्ता सुरू झालाय. उगाच त्यांना राग यायचा आणि जागा दुसऱ्याला जायची."

वडिलांची भीती खोटी नव्हती. दोनशे तासांच्या वैमानिकाचा हात दगडाखाली असतो. विमान कंपनीच्या दारात जायचं तर बहुतेकदा आधी टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट जातीचं विमान उडवण्याची पात्रता, लागतं, त्याला पुन्हा काही लाख रुपये लागतात, आणि ते केलं तरी नोकरीची हमी नसते. मग इन्स्ट्रक्टर व्हायचं. शिकवता शिकवता लॉगबुकात तास जमतात, चार पैसे मिळतात, हात चालता राहतो. हे संस्थांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी मुलाखतीचा सूर असा असतो की तुम्हाला तास मिळतायत, आणखी काय हवं?

तरीही मी त्या वडिलांना म्हणालो की तिला विचारू द्या. तुमची मुलगी जे विचारणार आहे ते तिच्या एकटीच्या फायद्याचं नाही. छोट्या विमानात डावीकडे विद्यार्थी बसतो आणि उजवीकडे इन्स्ट्रक्टर. डावीकडच्याला हवा वाईट आहे की इंजिन, हे अजून कळत नसतं, त्यासाठीच तर तो शिकायला आलेला असतो. खाली शेतात काम करणाऱ्याला तर यातलं काहीच विचारायची सोय नाही. "आज उडायचं नाही" असं म्हणू शकणारं शेवटचं माणूस उजव्या सीटवर असतं. तिला तसं म्हणता येईल की नाही हे त्या सकाळी ठरत नाही. ते बरंच आधी, अंधेरीतल्या त्या टेबलावर ठरतं.

आपल्याकडे विचारण्याची सवय नाही, असं मला वाटत नाही. बोरिवलीत वन बीएचके घेताना हेच वडील बिल्डरला सोडत नाहीत. महारेराचा नंबर, कार्पेट एरिया, ओसी, पार्किंग, कन्व्हेयन्स, पाण्याचं कनेक्शन, सगळं खोदून खोदून विचारतात. रविवारी दोनदा जाऊन जागा बघतात, वॉचमनशी बोलतात, पावसाळ्यात पाणी तुंबतं का ते शेजारच्या वाण्याला विचारतात. स्थळ आलं की मुलाच्या ऑफिसात ओळखीचा माणूस शोधतात. नोकरीचं पत्र आलं की मात्र हीच माणसं गप्प होतात. नोकरी म्हणजे कोणीतरी केलेला उपकार, उपकाराला प्रश्न विचारायचे नसतात, ही समजूत आपल्या घरांत फार जुनी आहे. कारकुनीच्या नोकरीत ती खपून गेली असेल, विमानाच्या नोकरीत ती जीव घेऊ शकते.

आमच्या उपनगरांना तर हे नव्याने सांगायला नको. २८ जून २०१८ रोजी दुपारी एकच्या सुमारास जुहूहून चाचणीसाठी निघालेलं किंग एअर सी-९० जातीचं विमान घाटकोपर पश्चिमेला जीवदया लेनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात कोसळलं. दुरुस्तीनंतरची चाचणी होती आणि दिवस जूनअखेरचा, पावसाचा. विमानातले चौघे गेले, दोन वैमानिक आणि दोन देखभालीचे तंत्रज्ञ. रस्त्याने चाललेला एक माणूसही गेला. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून आकडा तिथेच थांबला. ते विमान प्रशिक्षणाचं नव्हतं. पण ज्या पाचव्या माणसाचा त्या उड्डाणाशी काहीही संबंध नव्हता, तो मला वर्गात शिकवताना नेहमी आठवतो. त्याच्या वतीने प्रश्न विचारायला कोण होतं?

प्रशिक्षणाची विमानं महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राच्या हद्दीवर पडलेली आहेत. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाजवळ इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरात विमान पडलं, इन्स्ट्रक्टर जागीच गेला, विद्यार्थिनी वाचली. तिथे रस्ता नव्हता. जवळच्या आदिवासी वस्तीतल्या एका बाईने आपली साडी दिली, तिची झोळी करून गावकऱ्यांनी त्या जखमी मुलीला डोंगरातून खाली आणलं. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून निघालेलं विमान बालाघाटच्या जंगलात पडलं आणि दोघेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची दोन विमानं पडली, आणि डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्या संस्थेचं सगळं प्रशिक्षण थांबवलं. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं, आणि ते ठरवणं चौकशीचं काम आहे, माझं नाही. मला एवढंच दिसतं की यातल्या जवळजवळ प्रत्येक बातमीत उजव्या सीटवर कोणीतरी होतं, आणि त्याने कधीतरी कुठल्यातरी टेबलावर नोकरीच्या कागदावर सही केलेली होती.

आता प्रश्नांकडे येतो. पैशांपासून सुरुवात करतो, कारण पैशांचं बोलताना आपल्याकडची मुलं मान खाली घालतात. "सर, आधी सेफ्टीचं विचारू ना? पगाराचं पहिल्यांदाच विचारलं तर कसं दिसतं?" असं मुलुंडची मुलगीही म्हणाली. मी म्हटलं, पगाराचाच प्रश्न सेफ्टीचा आहे.

पुष्कळ ठिकाणी इन्स्ट्रक्टरला तासावर पैसे मिळतात. इंजिन चालू झालं की मीटर चालू, बंद झालं की बंद. ऐकायला हे सरळ वाटतं, जेवढं काम तेवढा दाम. पण सकाळी साडेसहाची वेळ डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थी चेकलिस्ट घेऊन तयार आहे. नजरेच्या भरवशावर उडायचं तर दृश्यता पाच किलोमीटर हवी. धावपट्टीच्या पलीकडची टेकडी रोज दिसते, आज तिची फक्त कड दिसतेय. ती दिसते की नाही दिसत? हे ठरवणार कोण? जिचा हप्ता पाच तारखेला कापला जाणार आहे आणि जिला उडालं तरच पैसे मिळणार आहेत, तीच. अशा वेळी टेकडी दिसू लागते. मुलगी खोटारडी असते म्हणून नव्हे, तर गरजेला नजरेपेक्षा जास्त दिसतं म्हणून.

म्हणून पहिला प्रश्न हा की महिन्याला ठरलेला पगार किती, आणि तासांवर मिळणारे किती. दुसरा, किमान किती तासांचे पैसे नक्की मिळतील, पावसाळा असो वा विमान हँगरमध्ये असो. जून ते सप्टेंबर आपल्या भागात कधी आठवडाभर ढग उठत नाहीत. समजा महिन्यात पंधराच तास उडता आलं, तर घरी किती पैसे जातील, हा आकडा त्यांच्याकडून कागदावर मागा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि माझ्या मते तो सगळ्यांत जास्त सांगून जातो, ब्रीफिंगचे पैसे मिळतात का? उड्डाणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास विद्यार्थ्याशी बोलायचं, फळ्यावर सर्किट काढून दाखवायचं, लँडिंगला नाक का आपटलं ते समजवायचं, शिकवणं खरं तर हेच असतं. हवेत इंजिनाच्या आवाजात फार काही शिकवता येत नाही. ज्या संस्थेत फक्त इंजिनाच्या तासाला पैसे, तिथे ब्रीफिंग पाच मिनिटांवर येतं, मग विमानाकडे चालता चालता होतं, आणि मग होतच नाही.

पगाराचा आणि अपघाताचा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि त्या घरातला एक, अशी पन्नास माणसं गेली. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, इशारा आल्यावर कॅप्टनने उलटी कृती केली, हे चौकशीत ठरलेलं कारण. पण सुनावणीत आणखी एक गोष्ट उघड्यावर आली. को-पायलट मुलगी आदल्या रात्री सिएटलहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, मिळेल त्या विमानाने प्रवास करत कामावर पोचली होती, आणि तिला पगार किती कमी होता याची तिथे जाहीर चर्चा झाली. पुढे कायदा बदलला, तिथे विमान कंपनीत शिरायला पंधराशे तास लागू लागले. ते जमवायला तिथलीही मुलं आता इन्स्ट्रक्टरच होतात. झोप, प्रवास, पगार आणि हातातला कंट्रोल यांची एवढी सरळ ओळ लागते.

तेव्हा राहण्याचं विचारा. खोली कुठे, धावपट्टीपासून किती लांब, एका खोलीत किती जण. आठवड्याची सुटी ठरलेली की "गरजेनुसार". दिवसाला जास्तीत जास्त किती सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या फेऱ्या. मे महिन्यात खानदेशात किंवा विदर्भात पारा बेचाळीसच्या वर जातो, छोट्या विमानात एसी नसतो, तापलेल्या विरळ हवेत इंजिनाची आणि पंखांची ताकद घटते, चढायला वेळ लागतो. त्या उन्हात सहावी सॉर्टी करणाऱ्या इन्स्ट्रक्टरचं लक्ष पहिल्या सॉर्टीसारखं राहत नाही. एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती हेही विचारा. आकडा फार मोठा असेल तर विद्यार्थ्याची पाळी पंधरा दिवसांनी येते, तो मागचं विसरलेला असतो, पुन्हा तेच शिकवावं लागतं, त्याचे पैसे संपत जातात आणि त्याचा राग तुमच्यावर निघतो.

एवढं झालं की विमान बघायला जा. यावर मी हटून बसतो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याबरोबर मी एका धावपट्टीवर गेलो होतो. नाव घेत नाही. मुलाखतीत आठ विमानं आहेत असं सांगितलं होतं. होतीही आठच, मी मोजली. दोन विमानांचे प्रॉपेलर काढलेले होते. एकाच्या इंजिनाच्या जागी पोकळी, तोंडाला ताडपत्री बांधलेली. एकाच्या टायरमध्ये हवा नव्हती आणि त्याच्या पंखाखाली कबुतरांची विष्ठा वाळून पांढरी झाली होती. तिथल्या मेकॅनिकने आम्हाला चहा दिला. त्याला मी सहज विचारलं, उडणारी किती? तो हँगरच्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, उडणारी तीन. त्यातलं एक उद्यापासून चेकला." परतीच्या एसटीत तो विद्यार्थी तीन तास काही बोलला नाही.

म्हणून "विमानं किती" असं विचारू नका. "काल किती उडाली" असं विचारा. देखभाल करणारा एएमई, म्हणजे परवानाधारक इंजिनिअर, पूर्ण वेळ तिथेच राहतो की बोलावल्यावर येतो हे विचारा. पार्ट कुठून येतात, शेवटचं विमान पार्टअभावी किती दिवस उभं होतं ते विचारा. एवगॅस किती दिवसांचं शिल्लक असतं तेही विचारा. हे इंधन पूर्वी बाहेरून यायचं, सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशी एवगॅस बाजारात आणलं. पण आडगावच्या धावपट्टीपर्यंत टँकर वेळेवर पोचतो का, हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं.

आणि टेक लॉग बघायला मागा. विमानात काही बिघाड दिसला की वैमानिकाने तो या वहीत लिहायचा असतो, आमच्या भाषेत स्नॅग लिहायचा. नवीन मुलं पानं कोरी दिसली की खूश होतात, विमान किती चांगलं ठेवलंय म्हणून. मला कोरी पानं दिसली की भीती वाटते. दिवसाला दहा-दहा लँडिंग खाणारं, नवशिक्यांच्या हातातलं विमान, त्यात स्नॅग येणारच. रेडिओ खरखरेल, ब्रेक एका बाजूला ओढेल, मॅग्नेटो तपासताना आरपीएम जास्त पडेल. दोन महिने एकही स्नॅग नाही, याचा अर्थ विमान निर्दोष आहे असा होत नाही. लिहिणाऱ्यांनी लिहिणं सोडलंय, आणि का सोडलंय ते शोधलं पाहिजे. पानावर स्नॅग लिहिलेला, खाली इंजिनिअरची दुरुस्तीची नोंद आणि सही, असं एकाखाली एक दिसलं तर ती जागा जिवंत आहे.

सहीचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. जुन्या वैमानिकांत "पार्कर पेनचे तास" असा शब्द आहे. न उडालेले, पेनाने लॉगबुकात भरलेले तास. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एका प्रवासी विमानाचं नाकाचं चाक आधी टेकलं, आणि चौकशीत त्या कॅप्टनची गुणपत्रिका बनावट निघाली. मग देशभर परवाने तपासले गेले, राजस्थानात न उडालेले तास भरल्याचं प्रकरण उघडं पडलं, अटका झाल्या. विद्यार्थ्याचे तास खरे आहेत याची साक्ष इन्स्ट्रक्टरची सही देते. तेव्हा नोंदींचा ताळा इंजिनाच्या तासमापकाशी कोण लावतं, हे विचारायला संकोच कसला? ज्याला हा प्रश्न झोंबेल त्याच्याकडे नोकरी करायची नाही.

आणि आता तो एक प्रश्न, जो बाकी सगळे विसरलात तरी विसरू नका. "इन्स्ट्रक्टरने स्वतःहून रद्द केलेलं शेवटचं उड्डाण कोणतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काय म्हणालात?" सेफ्टीला आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो, हे वाक्य सगळेच म्हणतात, ते माहितीपत्रकात छापलेलं असतं. या प्रश्नाला मात्र छापील उत्तर नसतं. चांगला सीएफआय, म्हणजे मुख्य उड्डाण प्रशिक्षक, लगेच सांगतो, "परवा अमक्याने कॅन्सल केलं, क्रॉसविंड जास्त होता, मला वाटलं उडता आलं असतं, पण तो उजव्या सीटवर होता." हे शेवटचं वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्या हाताखाली पगार थोडा कमी असला तरी जा. आणि जो म्हणेल, "आमच्याकडे असं कधी होतच नाही," त्याच्याकडे जाऊ नका. विमानं उडवणाऱ्या जागी असं होतच नाही, हे शक्य नाही.

बाँडचं थोडक्यात. दोन वर्षं सोडून जाणार नाही, गेलो तर इतके लाख भरीन, असं लिहून घेतात. यात सगळाच अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. नव्या इन्स्ट्रक्टरला आपल्या पद्धतीत तयार करायला संस्थेचे विमानाचे तास खर्च होतात, आणि तास जमले की तो विमान कंपनीत पळतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, तेव्हा "बाँड कोर्टात टिकत नाही" असं कट्ट्यावर सांगणाऱ्यांच्या भरवशावर सही करू नका. पण करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच आहे. रक्कम कशाच्या खर्चापोटी आहे, दर महिन्याला ती कमी होत जाते का, आणि संस्थेनेच प्रशिक्षण बंद केलं किंवा तिचं काम वरून थांबवलं गेलं तर बाँडचं काय, हे तिन्ही लिहून घ्या. बारामतीसारखा प्रसंग आला तर इन्स्ट्रक्टर बिचारा ना उडू शकतो ना सोडून जाऊ शकतो. मूळ प्रमाणपत्रं, मूळ लॉगबुक आणि कोरा चेक कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. यावर चर्चाच नको.

पगार वेळेवर होतो का, हे अंधेरीच्या माणसाला सांगायला हवं का? विलेपार्ल्याचं किंगफिशर हाउस आणि सहार रोडवरचं जेटचं ऑफिस आपण डोळ्यांनी बघितलंय. २०१२ मध्ये किंगफिशर आणि १७ एप्रिल २०१९ ला जेट जमिनीवर आली, तेव्हा थकलेल्या पगारांसह घरी बसलेली माणसं आपल्याच सोसायट्यांत होती. कंपनी मोठी आहे म्हणून कोणी विचारलं नव्हतं. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव घातलं की पीएफचा भरणा कुठल्या महिन्याचा कधी केला ते दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे. त्याच बैठकीत डीजीसीएची श्रेणीची यादीही बघा. ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देणं सुरू झालंय, आणि पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. यावरून आपल्याकडे किती वाव आहे ते कळेल. मग नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या इन्स्ट्रक्टरला फोन करा. तिथे असलेला माणूस सांभाळून बोलतो, सोडून गेलेला मोकळेपणाने.

यावर मला संस्था चालवणाऱ्या एका जुन्या स्नेह्याने मनापासून विचारलं होतं, "तुम्ही पोरांना असे प्रश्न शिकवाल तर आम्ही चालवायचं कसं? विमान डॉलरात, पार्ट डॉलरात, पावसाळ्यात चार महिने अर्धं उत्पन्न, आणि वर इन्स्ट्रक्टर मिळत नाहीत." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. हा धंदा सोपा नाही, आणि प्रामाणिकपणे तो करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्याच्याच वाक्याचा शेवट मी त्याला परत ऐकवला, इन्स्ट्रक्टर मिळत नाहीत. देशात नवी विमानं येतायत, अमरावतीला एअर इंडियाची शाळा उभी राहतेय, जळगाव आणि बेळगावच्या विमानतळांवर प्रशिक्षणाला जागा दिल्या गेल्या. या सगळ्यांना शिकवणारे हात हवेत. ज्याची टंचाई आहे त्याने मान खाली घालून सही करायची, हे धंद्याच्या हिशेबातही बसत नाही. आणि प्रश्नांमुळे नोकरी गेलीच, तर ती कुठली नोकरी होती याचं उत्तरही त्यातच मिळालं.

मात्र ही मुभा सगळ्यांना सारखी नाही, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही, त्याला "सोडून दे" म्हणणं मला जड जातं. अशा मुलाला मी सांगतो, सगळं नाही मिळालं तरी दोन गोष्टी कागदावर घे, किमान तासांचे पैसे आणि उड्डाण रद्द केल्याबद्दल कपात नाही. बाकीचं सोस.

आपल्या शहरात हे शिकवण्याचं काम जवळपास शंभर वर्षं जुनं आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटा तिथे शिकले, आणि १० फेब्रुवारी १९२९ च्या त्यांच्या परवान्याचा क्रमांक एक होता, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांना ते कोणी शिकवलं, हे मी गेल्या महिन्यात वर्गात विचारलं. चाळीस जणांत एकही हात वर झाला नाही. जुहूला आता हेलिकॉप्टरांची वर्दळ आहे, क्लबचं उड्डाण धुळ्याला गेलंय, आणि उजव्या सीटवरचं माणूस तेव्हा होतं तसंच आजही बिननावाचं आहे.

मुलुंडच्या मुलीने त्या संस्थेला प्रश्न ईमेलने पाठवले, बारा होते. चार दिवस उत्तर आलं नाही, मग "सध्या जागा भरली आहे" असं आलं. वडील माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये तिला दुसरीकडून बोलावणं आलं. या वेळी ते स्वतः तिच्याबरोबर धावपट्टीवर गेले, हँगरमध्ये फिरले, मेकॅनिकशी बोलले आणि वहीची पानं तिच्याकडून वाचून घेतली. तिचा पगार आधीच्या ऑफरपेक्षा सहा हजारांनी कमी आहे, पण तो दर महिन्याला ठरलेला आहे. नोव्हेंबरात तिने धुक्यामुळे लागोपाठ तीन सकाळी उड्डाण रद्द केलं. पगार पूर्ण आला.

तुमच्या घरात असं कोणी इन्स्ट्रक्टर व्हायला निघालं असेल, तर सही करण्याआधी एक रविवार काढा आणि त्याच्याबरोबर धावपट्टी बघून या.